हजेरी लागते, उमेद उरत नाही

सोमवारची सकाळ. सरकारी रुग्णालयातील मेडिसिनच्या ओपीडीबाहेर केसपेपर हातात धरून रांग उभी आहे. त्या रांगेत जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका आहेत. वय ४३, नोकरी १९ वर्षे. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून आल्या आहेत, त्यामुळे पुन:पुन्हा घड्याळाकडे पाहत आहेत. तक्रारी चार आहेत. आवाज तीन महिन्यांपासून बसलेला, डोके सतत जड, छातीत जळजळ आणि झोपेचे खोबरे. रक्तदाब १५०/९६ भरतो. मागच्या खेपेलाही जवळपास तेवढाच होता. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड यांचे अहवाल ठीक आहेत.

‘झोप रोजच येत नाही का, मॅडम?’ डॉक्टर विचारतात.

‘रोज थोडी तरी लागते. रविवारी रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही.’

‘वर्गातली मुलं फार त्रास देतात?’

‘नाही हो डॉक्टर, मुलांचं काही नाही. मुलं आहेत म्हणून तर जाते.’ मग जरा थांबून त्या सांगतात, ‘पूर्वी एखादं पोर दोन दिवस आलं नाही की संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायचे. आता वर्गात चार मुलं कमी दिसली की बरं वाटतं. माझं मलाच हे आवडत नाही.’

हे चित्र एका बाईंचे नाही. ओपीडीत वेगवेगळ्या दिवशी येणाऱ्या अनेक शिक्षक-शिक्षिकांच्या तक्रारी एकत्र केल्या की असेच काहीसे चित्र उभे राहते. रक्तदाबावर गोळी आहे, जळजळीवरही आहे. मात्र या संभाषणातील सर्वांत महत्त्वाचे लक्षण शेवटच्या दोन वाक्यांत आहे आणि ते कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. ज्या मुलांसाठी ही नोकरी धरली, तीच कमी दिसली की हायसे वाटणे. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात.

थकवा आणि बर्नआउट

हा शब्द वैद्यकीय चर्चेत रुळला तो १९७४च्या सुमारास. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांचे निरीक्षण करत होते. मनापासून कामाला आलेली माणसे काही काळाने रिकामी, चिडचिडी, कोरडी होत असल्याचे त्यांना दिसले. पुढे ख्रिस्तिना मास्लाख या संशोधक महिलेने ही अवस्था मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्तीही आली.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची तीन अंगे दिली आहेत. पहिले, शक्ती पार संपल्याची भावना. दुसरे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा कामाविषयी कडवटपणा. तिसरे, ‘आपल्या हातून काही होत नाही’ असे वाटू लागणे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण हे त्याचे मूळ. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. ती कामाशी निगडित घटना मानली आहे.

हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण तो फार मोलाचा आहे. मलेरिया हा रोग्याच्या रक्तात सापडतो. बर्नआउट शोधायचा तर माणसाबरोबर त्याचे कामही तपासावे लागते. शिक्षिकेला गोळी देऊन घरी पाठवले आणि शाळा होती तशीच ठेवली, तर सहा महिन्यांनी त्या पुन्हा त्याच रांगेत दिसतील.

अर्थात प्रत्येक थकव्याला बर्नआउटचे लेबल लावणेही चुकीचे. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, रजोनिवृत्तीचा काळ या सगळ्यांत माणूस असाच गळून जातो. म्हणून आधी तपासण्या हव्यात. नैराश्य हा आजार तर आवर्जून शोधायला हवा. ढोबळ खूण अशी की बर्नआउट शाळेभोवती फिरतो. मे महिन्याच्या सुट्टीत, लेकराबाळांत, लग्नकार्यात माणूस पुन्हा फुलतो आणि शाळा उघडायच्या आठवड्यात कोमेजतो. नैराश्यात सुट्टीतही काही गोड लागत नाही. परंतु या दोन्हींमधील सीमारेषा पुसट असते, दोन्ही एकत्रही असू शकतात. त्यामुळे हा निवाडा घरी बसून करू नये.

शरीर काय सांगते?

शिक्षकाचा ताण बहुतेक वेळा मनाच्या डॉक्टरांकडे जात नाही. तो घसा, पोट, पाठ आणि रक्तदाब यांच्या रूपाने साध्या ओपीडीत येतो. आवाजाचेच पाहा. अमेरिकेतील आयोवा आणि युटा या राज्यांत झालेला व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत ५७.७ टक्के आढळले. इतर व्यवसायांतील लोकांत ते २८.८ टक्के होते. म्हणजे साधारण दुप्पट. पत्र्याच्या छपराखाली, पावसाचा ताशा वाजत असताना दोन इयत्तांच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या गुरुजींना हा आकडा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आवाजाला विश्रांती आणि पाणी लागते. शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल तर शिक्षिका दिवसभर पाणी पिणे टाळतात. त्याचे फळ घसा आणि मूत्रमार्ग दोघांनाही भोगावे लागते. तासन्‌तास उभे राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. डबा कधी दहा मिनिटांत, कधी तीन वाजता खाल्ला जातो.

ताणाच्या प्रसंगी शरीरात ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, साखर वाढते, लक्ष एकवटते. प्रसंग संपला की शरीर पूर्वपदावर येते. ही व्यवस्था थोड्या वेळच्या संकटासाठी आहे. संकट रोज सकाळी दहाला सुरू होऊन रात्री मोबाइलवरच्या शेवटच्या संदेशापर्यंत चालणार असेल, तर पूर्वपदावर यायला वेळच मिळत नाही. मग झोप उथळ होते. अपुऱ्या झोपेने रक्तदाब, वजन आणि चिडचिड तिन्ही वाढतात. दुसऱ्या दिवशीचे काम आणखी जड जाते.

काम फार की काम भलतेच?

‘शिक्षकांना सुट्ट्या किती, पगार किती, त्यांना कसला आलाय ताण?’ हा प्रश्न गावच्या पारावरही विचारला जातो आणि शहरातील बैठकांतही. त्याचे उत्तर कामाच्या तासांपेक्षा कामाच्या स्वरूपात आहे.

रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. कामाची मागणी जास्त आणि ते काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक. शल्यचिकित्सकाचे काम तणावाचे असते, पण टेबलावरचे निर्णय तो स्वतः घेतो. शिक्षकाकडून मात्र निकालाची अपेक्षा करायची आणि दिवसाची आखणी दुसऱ्याच कोणी करायची, असे होते. समाजशास्त्रज्ञ योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसरी बाजू दाखवली. घातलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला, मान व स्थैर्य यांचा तोल बिघडला की हृदयविकाराचा धोकाही वाढतो. महाराष्ट्रातील शिक्षकाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू पडतात.

मागणी आणि मुभा यांचे गणित आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास सांगितले आहेत आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणेतर काम देता येणार नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण करणारा निर्णयही काढला. कागद चांगला आहे.

प्रत्यक्षात दिवस कसा जातो? परिपाठ संपतो तोच पोषण आहाराच्या नोंदी कराव्या लागतात. तांदळाचा साठा, आज जेवलेली मुले, शिल्लक. मग यू-डायस प्लसची माहिती, सरलची माहिती, मुलांच्या आधारची पडताळणी, अपार आयडी. एखाद्या मुलाच्या आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधील नाव यांत एका वेलांटीचा फरक असला तर त्या मुलाच्या पालकांना घेऊन केंद्रावर चकरा. मध्येच केंद्रप्रमुखांचा गटावर संदेश येतो, ‘तातडीने माहिती पाठवा.’ एखादा उपक्रम साजरा होतो, त्याचे फोटो लिंकवर चढवायचे. रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन चढवायचे. यात मतदार याद्यांचे काम आले की दुपार गेलीच. पुढे २०२७ची जनगणना आहे. दोनशिक्षकी शाळेत त्या कामासाठी एक जण बाहेर पडला की उरलेल्या एकाने चार किंवा पाच इयत्ता सांभाळायच्या.

यातील एकेक काम पाहिले तर किरकोळ आहे. त्रास होतो तो तुकडे पडण्याचा. अपूर्णांक शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे काही उमटू लागलेले असते आणि फोन वाजतो. तो धागा पुन्हा जोडायला दहा मिनिटे जातात, कधी जोडलाच जात नाही. शिक्षकी पेशाचे खरे वेतन त्या उमटण्यात असते. दिवसाला पाच वेळा तेच कापले जात असेल तर महिन्याच्या एक तारखेला मिळणाऱ्या पगाराने ती भरपाई होत नाही.

आता मोबदला आणि स्थैर्याची बाजू. प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणारा उमेदवार पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढतो. ते मानधन महिना ६,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची परवड त्याहून मोठी. ‘कायम विनाअनुदानित’ या शिक्क्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला. त्यानंतर वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान देण्याचे धोरण आले आणि पुढचा टप्पा मिळावा म्हणून आझाद मैदानातील आंदोलने हा अनेकांच्या नोकरीचाच भाग होऊन बसला. ऐन उमेदीची वर्षे अपुऱ्या पगारावर काढलेले, रात्री शेती किंवा दुकान सांभाळणारे शिक्षक या राज्यात दुर्मीळ नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागणार आहे. मुलांना पात्र शिक्षक मिळावा, हा त्यामागचा विचार रास्त आहे. परंतु वीस वर्षे शिकवल्यानंतर पंचेचाळिसाव्या वर्षी ‘नापास झालो तर?’ हा प्रश्न घेऊन झोपणाऱ्याच्या रक्तदाबाचीही दखल घ्यावी लागेल. परीक्षा घ्यायची तर अभ्यासाला वेळ आणि मार्गदर्शन देणे ही व्यवस्थेची जबाबदारी ठरते.

कामचुकार शिक्षक नसतात काय? असतात. प्रत्येक खात्यात असतात, रुग्णालयांतही असतात. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण बर्नआउट सहसा त्यांना होत नाही. फ्रॉयडनबर्गर यांनी पहिल्याच लेखात नोंदवले होते की झोकून देऊन काम करणाऱ्यांना याचा धोका अधिक असतो. जी चूल पेटलीच नाही, ती विझणार कशी? शाळेत शिक्षक कोरडेपणाने वावरताना दिसला तर तो पहिल्यापासून तसा होता की नंतर तसा झाला, एवढे तरी विचारून पाहावे.

नोकरी टिकते, शिक्षक टिकतो का?

जगभर या विषयाची चर्चा होते ती शिक्षक नोकरी सोडत असल्यामुळे. २०३० पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचे जागतिक प्रमाण २०१५ मध्ये ४.६२ टक्के होते. ते २०२२ मध्ये ९.०६ टक्क्यांवर गेल्याचे युनेस्कोचीच आकडेवारी सांगते. इंग्लंडमध्ये नवे शिक्षक साधारण एक तृतीयांश या प्रमाणात पहिल्या पाच वर्षांत सरकारी शाळा सोडतात. तिथे जागा रिकामी पडते, मोजली जाते, संसदेत प्रश्न विचारला जातो.

महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळेतील नोकरी कोणी सहसा सोडत नाही. घराचे कर्ज असते, मुलांचे शिक्षण असते, शिवाय एवढी सुरक्षित नोकरी पुन्हा मिळणार कुठे? म्हणून सरकारी कागदावर इथे गळती दिसत नाही. शिक्षक रोज येतो, सही करतो, पाठ उरकतो. गेलेली असते ती उमेद. अवघड मुलाच्या शेजारी बसून पुन्हा एकदा समजावण्याची तयारी गेलेली असते. खासगी विनाअनुदानित शाळांत मात्र शिक्षिका सरळ निघून जातात. तुटपुंजा पगार आणि घरी आणलेल्या वह्यांचा गठ्ठा यांचा मेळ बसत नाही म्हणून एखादी बाई दिवाळीनंतर येत नाही. तिच्या जागी दुसरी येते. मुलांना वर्षभरात तीन वर्गशिक्षिका मिळतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

याची किंमत मुले मोजतात. कॅनडात चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल तपासले गेले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्गांतील शिक्षकांना बर्नआउट अधिक होता, तेथील मुलांमध्ये सकाळचे कॉर्टिसॉल जास्त आढळले. शिक्षकाच्या ताणाने मुले ताणात येतात की अवघड वर्गामुळे शिक्षक थकतो, हे त्या एका अभ्यासातून ठरत नाही. वर्ग अवघे सतराच होते. तरीही वर्गातील ताण दोन्ही बाजूंच्या शरीरांत एकत्र दिसतो, एवढी नोंद घ्यायला हरकत नाही. आईची तब्येत बिघडली की घरातील लहान मुले किरकिरी होतात, हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे.

गोळी कोणाला द्यायची?

शिक्षकांच्या ताणाचा विषय निघाला की ठरलेले उपाय पुढे येतात. योग शिबिर, प्राणायाम, प्रेरणादायी व्याख्यान. यांत वाईट काही नाही. नियमित व्यायाम, श्वसनाचे व्यायाम आणि पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. पण शिबिर शनिवारी दुपारी ठेवायचे, हजेरी सक्तीची करायची आणि प्रत्येकाने आसनाचा फोटो लिंकवर चढवायचा, असे झाले की उपायच आजाराचा भाग होतो.

वैद्यकीय क्षेत्राने हा धडा स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. डॉक्टरांच्या बर्नआउटवरील उपायांच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आले. केवळ डॉक्टरला ताण सोसायला शिकवणाऱ्या उपायांपेक्षा कामाची रचना बदलणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले. कामाच्या पाळ्या, कामाचा भार, गटाने काम करण्याची पद्धत यांत बदल केला तेव्हा फरक पडला. मलेरियाच्या साथीत रोग्याला औषध द्यावेच लागते, पण साचलेले पाणी तसेच ठेवून साथ आटोक्यात येत नाही. शाळांबाबत साचलेले पाणी कुठे आहे ते सर्वांना माहीत आहे.

पहिला उपाय फुकट आहे. शाळेच्या वेळेत तातडीच्या माहितीचे संदेश बंद करावेत. आपत्ती किंवा मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न सोडला तर अशी कोणती माहिती असते जी सकाळी अकराला मागून बारापर्यंत लागते? माहिती मागण्याचा आठवड्याचा एक दिवस ठरवावा. एकदा भरलेली माहिती दुसऱ्या पोर्टलवर पुन्हा मागू नये.

दुसरा, केंद्र पातळीवर माहिती भरणारा एक कर्मचारी द्यावा. दहा-बारा शाळांचे आधार, पोषण आहार आणि पटाचे काम त्याने सांभाळले तर तेवढे शिक्षक वर्गात परततील. शिक्षकाचा तास कारकुनाच्या तासापेक्षा महाग असतो, हा साधा हिशेब वित्त विभागालाही पटावा.

तिसरा, रिक्त जागा. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे शाळेत रिकामी ठेवू नयेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते. ते पाळावे. शिवाय प्रत्येक केंद्रात एक-दोन फिरते शिक्षक असावेत. आज दोनशिक्षकी शाळेतील बाईंना ताप आला तरी रजा घेताना अपराधी वाटते, कारण त्यांचा वर्ग सहकाऱ्याच्या डोक्यावर पडतो. अंगात ताप घेऊन फळ्यासमोर उभे राहणे ही निष्ठा समजली जाते. वैद्यकीयदृष्ट्या तो मूर्खपणा आहे आणि संसर्गजन्य असेल तर मुलांच्या दृष्टीने धोकाही.

चौथा, पहिली तीन वर्षे. नव्या शिक्षकाला सर्वांत अवघड, सर्वांत दूरची शाळा मिळते आणि सल्ला देणारे कोणी नसते. रुग्णालयात नव्या डॉक्टरला वरिष्ठाशिवाय रात्रपाळीला एकटे सोडणे धोक्याचे मानतात. शिक्षकाबाबतही तोच न्याय लावावा. जवळच्या शाळेतील एका अनुभवी गुरुजींना महिन्यातून दोन दिवस त्याच्या वर्गात जाता यावे आणि त्या भेटीचा अहवाल कोणी मागू नये.

पाचवा, आरोग्य. शिक्षकांच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर आवाज, झोप आणि मनःस्थिती यांचाही समावेश हवा. मोठ्या वर्गांसाठी गळ्यात अडकवण्याचे छोटे ध्वनिवर्धक स्वस्तात मिळतात. पाण्याची सोय असलेले आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह ही शिक्षिकांसाठी वैद्यकीय गरज आहे.

शिक्षकांनी स्वतःसाठी काय पाहावे?

तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. दोनदा वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब १४०/९०च्या वर भरला तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नये. तंबाखू, मशेरी किंवा संध्याकाळचा एक पेला वाढत चालला असेल तर तीही तक्रार म्हणून डॉक्टरांना सांगावी. निदान रात्री आठनंतर शाळेच्या गटाचा आवाज बंद ठेवावा. हे एकट्याने करणे कठीण जाते, म्हणून मुख्याध्यापकांनी सर्वांसाठी ठरवून द्यावे. चांगला मुख्याध्यापक वरून येणारा दाब निम्मा स्वतःपाशी अडवतो. अशा शाळेतील शिक्षकांना दीर्घ रजेची गरज कमी पडते.

घरच्यांनीही लक्ष ठेवावे. बोलका माणूस गप्प झाला, सुट्टीतही उमलला नाही, जेवण तुटले, ‘माझ्या असण्याने काय फरक पडतो’ असे बोलू लागला, तर वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची मोफत सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.

ओपीडीतील त्या शिक्षिकेला रक्तदाबाची गोळी सुरू होईल. आवाजाला आठवडाभर विश्रांती लिहून मिळेल. मीठ कमी, चालणे जास्त, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या, हेही केसपेपरवर येईल. ‘रोज सलग दोन तासिका, मध्ये फोन नाही’ हे औषध मात्र रुग्णालयाच्या खिडकीवर मिळत नाही. ते शिक्षण विभागाच्या हातात आहे.

दर वर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता ठरते, किती मुलांमागे किती शिक्षक हे निश्चित होते. त्याच दिवशी प्रत्येक शिक्षकाला, नाव न विचारता, दोन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात अखंड शिकवता आले असे किती तास मिळाले? आणि पुढच्या जूनमध्ये याच कामावर यावेसे वाटते का? उत्तरे तालुकावार जाहीर करावीत. मुलांची डोकी मोजणाऱ्या व्यवस्थेला त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची अवस्था मोजायला एक पान पुरेल.